खळीचे हात

शाळेच्या फाटकातून बाहेर पडल्यापासून भिंगरी उलटी चालत होती. तोंड आईकडे, पाठ रस्त्याकडे. सांगायचं इतकं होतं की आईचा चेहरा समोर असल्याशिवाय तिला ते सांगवत नव्हतं.

“मग बाईंनी विचारलं, रक्त शरीरात कसं फिरतं. मी विचारलं, कुठून सुरू करू? त्या म्हणाल्या, तुला हवं तिथून. मग मी डाव्या पायाच्या अंगठ्यापासून सुरू केलं.”

“मागे खांब आहे.”

“माहितीये.” भिंगरीने न बघता खांबाला वळसा घातला. “अंगठ्यातून वर, गुडघ्यातून वर, मग हृदयात, मग फुप्फुसात, मग परत हृदयात. बाई म्हणाल्या, पुरे, आता पुढचा प्रश्न. मी म्हटलं, थांबा ना, ते अजून अंगठ्यात परत कुठे आलंय?”

आई हसायला लागली आणि हसता हसताच तिचे डोळे भरून आले. वीसपैकी अठरा. मागच्या खेपेला याच धड्यावर लेकीने वीसपैकी तीन मिळवले होते आणि त्यातला एक आकृतीचा होता. फरक एवढाच, की आज प्रश्न बाईंनी वाचून दाखवले आणि उत्तरं भिंगरीने तोंडी दिली. धडा तोच, मुलगी तीच.

आई चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची. दिवसभर लोकांना पाटीवरची अक्षरं वाचायला लावायची. त्यामुळे लेक वाचताना अडखळते म्हटल्यावर तिने आधी डोळ्यांवरच संशय घेतला. एकदा नाही, तीनदा तपासले. तिन्ही वेळा डोळे ठणठणीत. मग शाळेत त्या वेगळ्या खोलीत बसणाऱ्या बाई आल्या, त्यांनी भिंगरीला दोन दिवस जवळ बसवून घेतलं, आणि डिस्लेक्सिया हा शब्द घरात आला. डोळे चांगले, डोकं चांगलं, फक्त अक्षर आणि त्याचा आवाज यांची गाठ पडायला वेळ लागतो, असं बाईंनी सांगितलं. भिंगरीला त्यांचं नाव लक्षात राहत नसे. ती त्यांना ‘वेगळ्या खोलीतल्या बाई’ म्हणायची आणि आता सगळं घरच तसं म्हणायचं.

आजची परीक्षा त्या बाईंनी स्वतःच्या जबाबदारीवर घेतली होती. वार्षिक परीक्षेला असं चालणार नव्हतं. त्यासाठी अर्ज लागत होता. तो आईच्या पिशवीत प्लास्टिकच्या पाकिटात होता. त्यावर दोन्ही पालकांच्या सह्या हव्या होत्या आणि दुपारी दोनला शाळेचं ऑफिस बंद व्हायच्या आत तो पोचायला हवा होता. नाही पोचला तर भिंगरी सगळ्यांसारखी छापील प्रश्नपत्रिका घेऊन बसणार, आणि पुन्हा चौथीत राहणार. वर्गशिक्षिकेने मागच्या महिन्यातच तसं स्पष्ट सांगितलं होतं. भिंगरीच्या सगळ्या मैत्रिणी पाचवीत जाणार होत्या.

आईने घड्याळात पाहिलं. एक वाजून गेला होता.

“चल, पळायचं का?” ती म्हणाली. भिंगरी सरळ झाली आणि दोघी पळत सुटल्या.

*

या घराचा खालचा मजला म्हणजे बाइंडिंगचा कारखाना आणि वरचा मजला म्हणजे घर, पण घरातली माणसं उठता बसता खालीच. मधोमध लांबलचक टेबल, भिंतीला टेकून पुठ्ठ्यांच्या चळती, कोपऱ्यात पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा आणि खिडकीखाली भिंगरीच्या आजोबांचं, अण्णांचं स्टूल. कालच मोठी ऑर्डर गेली होती, आज कामाला सुट्टी होती, टेबल पुसून लख्ख केलेलं होतं. तरीही अण्णा स्टुलावर बसलेच होते. त्यांना दुसरीकडे बसता येत नसे.

आत्या सकाळच्या पहिल्या बसने आली होती. येताना नवी कोरी वही घेऊन आली होती, दुरेघी. सव्वीस वर्षं ती दुसऱ्या एका शाळेत भाषा शिकवत होती आणि भिंगरीचं वाचन सुधारायचं काम तिने वर्षापूर्वी न विचारता अंगावर घेतलं होतं. चुकलेला शब्द वीस वेळा लिहायचा, ही तिची पद्धत. भिंगरी वीस वेळा लिहायची आणि त्या विसांत पाच निराळे शब्द निघायचे.

दार उघडलं आणि भिंगरी आत शिरली ती अठरा, अठरा असं ओरडतच. पुढची पाच मिनिटं कोण काय बोलत होतं ते कोणालाच कळलं नाही. आजीने तिला कुशीत ओढलं. बाबाने टेबलावर असा काही ठेका धरला की कात्र्या नाचल्या. आत्याने तिचे दोन्ही गाल धरले आणि म्हणाली, “रक्ताभिसरणावर अठरा? माझ्या नववीतल्या ठोंब्यांना येत नाही गं ते.” ती मनापासून म्हणाली. आत्या तोंडाने फटकळ होती, पण खोटी नव्हती.

“आणि मला बाईंनी अर्धा तास जादा दिला,” भिंगरी म्हणाली. “घाई नाही म्हणाल्या. मला तो लागलाच नाही सगळा, पण असतो ना हातात, बरं वाटतं. आजोबा, तुम्ही का हसताय?”

“असाच,” अण्णा म्हणाले.

आईने पाकीट उघडून अर्ज टेबलावर ठेवला आणि शेजारी पेन ठेवलं. खोलीतला आवाज हळूहळू खाली बसला.

“दोनच्या आत द्यायचाय,” ती नवऱ्याकडे बघून म्हणाली. “माझी सही झालीये.”

बाबाने पेन उचललं, पण लिहिलं नाही. मोठ्या बहिणीकडे पाहिलं. तो असाच होता. लहानपणी रस्ता ओलांडायचा असला तरी आधी ताईकडे बघायचा.

“मला आनंद झालाय, आधी ते ऐका,” आत्या म्हणाली. “पण आज जमलं ना? विचारलं तर पोरीला सगळं येतं. मग आता थोडा जोर लावू, वाचनही येईल. हा कागद कशाला? एकदा कागदावर आलं की जन्मभर कागदावर राहतं.”

“ताई, वर्षभर जोरच लावला ना आपण?” आई म्हणाली.

“वर्ष म्हणजे काय असतं? मी मुलं पाहिलीयेत.”

“मी एकच पाहिलीये. पण रोज पाहिलीये.”

आजीने घसा खाकरला. बाबा पटकन म्हणाला, “ताई म्हणते त्यातही आहे काहीतरी. आज जमलं की.”

“तुम्ही काल हो म्हणाला होतात.”

“काल अठरा नव्हते मिळाले.”

आईला वाटलं, हा माणूस गुण कमी पडले तरी घाबरतो आणि जास्त पडले तरी घाबरतो. तिने ते बोलून दाखवलं नाही, पण तिचा चेहरा बोलका होता आणि बाबाने नजर चुकवली.

“आज प्रश्न वाचून दाखवले म्हणून अठरा मिळाले,” ती शांतपणे म्हणाली. “वार्षिकला कोण वाचून दाखवणार? हा कागद नसेल तर कोणी नाही.”

बाबाने अर्ज जवळ ओढला आणि वेळ काढायला म्हणून मोठ्याने वाचू लागला. मुलीचं वय. इयत्ता. कधीपासून लक्षात आलं. आणि मग, “कुटुंबात आणखी कोणाला वाचण्या-लिहिण्यात अशी अडचण होती का? असल्यास नातं लिहा.” तो थांबला. “हा रकाना रिकामा आहे.”

“तो घरी विचारून भरा म्हणाल्या बाई.”

“त्यात विचारायचं काय?” आत्या म्हणाली. “नाही म्हणून लिही. तीन पिढ्या पुस्तकांवर जगतंय हे घर. आपल्याकडे कोणाला असणार?”

“एकदा कायद्याच्या पुस्तकावर शिवणकामाचं कव्हर चढवलं होतं आईने,” बाबा म्हणाला. वातावरण हलकं करायचं म्हटलं की त्याला हीच गोष्ट आठवायची. “आठवतं? कोर्टात वकीलसाहेबांनी पुस्तक काढलं आणि वर नाव, घरच्या घरी शिवणकाम.”

एरवी या गोष्टीवर सगळे हसायचे. आजी तर स्वतःवरच सगळ्यांत जास्त हसायची. आज ती हसली नाही. तिने एकदा अण्णांकडे पाहिलं आणि पदराने टेबलावरची नसलेली धूळ पुसली.

“अण्णा काय म्हणतात ते बघू,” बाबा म्हणाला, आणि अर्ज घेऊन स्टुलाशी गेला. “घ्या, एकदा नजरेखालून घाला. तुम्ही म्हणाल तसं.”

*

अण्णांच्या समोर कागद आला.

हे क्षण त्यांना लांबून ओळखू यायचे. विजेचं बिल, औषधाच्या बाटलीवरची चिठ्ठी, कोणाचं पत्र. कागद हातात यायच्या आत हात कशात तरी गेलेले असायचे. ‘हात खळीचे आहेत, वाच जरा.’ पंचावन्न वर्षं हे वाक्य त्यांनी इतक्या सहजपणे म्हटलं होतं की घरात ते थट्टेचं झालं होतं. साहेबांना पेपर वाचून दाखवावा लागतो, असं शेजारीसुद्धा म्हणायचे. बायको रोज सकाळी वाचून दाखवायची. त्याआधी लेक वाचायची.

त्यांचा उजवा हात आपसूक बाजूच्या डब्याकडे गेला आणि दोन बोटं चिकटवायच्या खळीत बुडाली.

“हात खळीचे आहेत,” ते म्हणाले. “तूच वाच.”

बाबा वाचायला वळलाही होता. पण भिंगरी स्टुलाला खेटून उभी होती आणि तिचं नाक बरोबर डब्याच्या उंचीवर होतं.

“आजोबा, ही कालची खळ आहे,” ती म्हणाली. “आंबलीये. वास येतोय.”

“हं.”

“आज कामच नाहीये. तुमचे हात कोरडे होते. तुम्ही आत्ता घातलेत, मुद्दाम.”

“भिंगरे,” आजी म्हणाली.

“अगं, खरंच. मी पाहिलं.” तिच्या आवाजात तक्रार नव्हती. एखादं लपवलेलं खेळणं सापडावं तशी ती उत्साहात होती. “मी पण असंच करते. वर्गात वाचायला माझा नंबर आला की मला तहान लागते. कधी पेन्सिल खाली पडते, ती सापडतच नाही. एकदा मी नाक इतकं घासलं की खरंच लाल झालं आणि बाईंनी घरी पाठवलं.” ती अण्णांच्या तोंडाजवळ वाकली आणि तिने कुजबुजत विचारलं, पण तिची कुजबूज वरच्या मजल्यापर्यंत जायची. “तुमची पण अक्षरं जागेवर थांबत नाहीत का?”

अण्णांनी बोटांकडे पाहिलं. मग सुनेकडे, मग मुलाकडे. लेकीकडे बघायचं त्यांनी टाळलं. त्यांना हे माहीत होतं की कधीतरी कोणीतरी पकडणार. पकडणारी इतकी खूश असेल असं मात्र वाटलं नव्हतं.

“नाही थांबत,” ते म्हणाले.

आजी उठली, ओलं फडकं आणलं आणि त्यांची दोन बोटं पुसून दिली.

“खालचा खण उघड,” अण्णा भिंगरीला म्हणाले. “सुयांच्या डबीखाली बघ.”

भिंगरीने खण उघडला. डबी उचलली. खाली पुठ्ठ्याचा एक तुकडा होता, वितीएवढा, मधोमध एका ओळीपुरती फट कापलेली. कडा हाताळून हाताळून गोल झाल्या होत्या आणि रंग चहासारखा झाला होता.

“माझी खिडकी,” भिंगरी म्हणाली. “पण ही म्हातारी आहे.”

आईच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. दोन महिन्यांपूर्वी वेगळ्या खोलीतल्या बाईंनी सांगितलं होतं, वाचताना एकच ओळ दिसेल अशी पट्टी घरी करता आली तर बघा. ती अण्णांना सांगायला आली, तर वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांनी पुठ्ठा ओढून फट कापून दिली होती. किती लांब, किती रुंद, काही विचारलं नव्हतं. बाईंनी दुसऱ्या दिवशी विचारलं, कुठल्या दुकानातून आणली. ती तेव्हा कौतुकाने म्हणाली होती, आमचे सासरे कारागीर आहेत.

“म्हणजे तुम्हाला माप माहीत होतं,” ती म्हणाली.

“तेराव्या वर्षी पहिली केली. ही चौथी.” अण्णांना आता बोलायला हुरूप आला होता. “वाचतो मी. वाचत नाही असं नाही. कोणी नसताना, सावकाश. एक पान, दोन पानं. पण कोणी समोर उभं राहिलं की संपलं.”

“आणि एवढी पुस्तकं बांधलीत ती?” बाबाने विचारलं. त्याच्या हातात अजूनही अर्ज तसाच होता.

“त्याला वाचावं कुठे लागतं? प्रत्येक फर्म्याच्या, म्हणजे घडी घातलेल्या पानांच्या जुडीच्या, पाठीवर काळी खूण असते. एकावर एक रचले की खुणांचा जिना होतो. जिना सरळ चढला की पुस्तक बरोबर, पायरी मोडली की काहीतरी चुकलं. जिना मला दुरून दिसतो. फक्त कव्हरावर जिना नसतो.” ते थांबले. “ते शिवणकामाचं कव्हर तुझ्या आईने नव्हतं चढवलं.”

बाबा आजीकडे बघत राहिला. “तू वीस वर्षं आमचं हसणं ऐकून घेतलंस?”

“चांगली गोष्ट होती,” आजी म्हणाली. “मलाही हसू यायचं.”

*

आत्या बाकावर बसून होती.

तिच्या डोळ्यांसमोर हीच खोली होती. ती सात वर्षांची, कागदाच्या रिमवर उभी, हात पोचावा म्हणून. समोर अण्णा, कोपरापर्यंत खळीत. ‘वाच गं, तुझ्यासारखं कोणी वाचत नाही.’ आणि ती पेपर वाचायची, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जाहिरातींसकट. त्या वाक्यावर ती मोठी झाली. त्या वाक्यामुळे शिक्षिका झाली. शाळेतल्या पहिल्या तासाला उभी राहून तिने धडा वाचला तेव्हासुद्धा ते वाक्यच कानात होतं.

“मला वाटायचं, तुम्हाला माझा आवाज आवडतो,” ती म्हणाली. आवाज कापला म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

अण्णांनी आता तिच्याकडे पाहिलं.

“आवडायचाच,” ते म्हणाले. “तू वाचायचीस तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, लोक पुस्तकं का बांधून घेतात ते. तू शिक्षिका झालीस त्या दिवसापासून मात्र तुझी भीती वाटायला लागली.”

“माझी?”

“तू वह्या तपासायचीस इथे बसून. लाल पेनाने. मी स्टुलावरून बघायचो.”

आत्याने खाली पाहिलं. मांडीवर ती दुरेघी वही होती. तिला तिच्या वर्गांतली मुलं आठवायला लागली, एकेक करून. तहान लागणारी, पेन्सिली पाडणारी, वाचायला उठवलं की पोट दुखणारी. त्यांना ती नाटकी म्हणायची. आणि या पोरीला वर्षभर वीस वीस वेळा. ती सरळ रडली, नाक ओढून, मोठ्याने.

भिंगरी घाबरली. “आत्या, मला वीस वेळा लिहायला आवडत नाही, पण तू आवडतेस.”

“मला कळलंय ते,” आत्या नाक पुसत म्हणाली. “गप बस.” मग तिने वही बाजूला ठेवली आणि भावाकडे वळली. “तू काय बघतोयस? सही कर.”

“अगं, तूच मघाशी…”

“मघाशी मी मूर्ख होते. आता सही कर. किती वाजले?”

“एक पस्तीस,” आई म्हणाली.

आणि मग त्या शांत झालेल्या खोलीत एकदम धावपळ उडाली. बाबाने सही केली, ती घाईत इतकी मोठी झाली की चौकटीच्या बाहेर गेली. आत्या पायात चपला अडकवू लागली आणि म्हणाली, मी सोबत येते, ऑफिसात कोणी आडवंतिडवं बोललं तर मी आहे. ती आहे म्हणजे काय ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि आईला लग्नाच्या बारा वर्षांत पहिल्यांदा नणंद आपल्या बाजूला असल्याचं सुख मिळालं. सोमवारपासून माझ्या वर्गातसुद्धा बघणार आहे, आत्या म्हणत होती. ती मागच्या बाकावरची, जिला नेहमी पाणी प्यायला जायचं असतं, तिला आधी बघते. तुझ्या त्या बाईंना भेटव मला. आजी दाराशी किल्ली शोधत होती. खरं तर कोणी सगळ्यांना या म्हटलं नव्हतं, पण एकालाही मागे राहायचं नव्हतं.

“रकाना राहिला,” आई म्हणाली. “नात्याचा.”

आत्याने हात पुढे केला. “आण, मी लिहिते. आजोबा, एवढंच ना?”

“मी लिहितो,” अण्णा म्हणाले.

सगळे थांबले. अण्णा स्टुलावरून उठून टेबलाशी आले. त्यांनी दोन्ही तळवे सदऱ्याला पुसले. ते कोरडेच होते. मग ती जुनी खिडकी अर्जावर ठेवली आणि हळूहळू खाली सरकवत नेली, एक ओळ, दुसरी, तिसरी. ओठ हलत होते. घरातल्या कोणीही त्यांना असं वाचताना पाहिलेलं नव्हतं. आजीनेसुद्धा नाही. भिंगरी टेबलावर कोपरं टेकून त्यांच्या शेजारी उभी राहिली आणि त्यांच्याबरोबर तिचेही ओठ हलू लागले.

त्यांना रकाना सापडला. त्यांनी पेन धरलं, सुई धरतात तसं, टोकाशी. पहिलं अक्षर काढलं. मग पेन उचललं आणि पुढच्या अक्षराचा विचार करत राहिले. भिंतीवरचं घड्याळ पावणेदोनला आलं. शाळा दहा मिनिटांवर होती.

बाबाला राहवेना. “अण्णा, उशीर होतोय. द्या इकडे, मी पटकन…”

भिंगरीने न बघताच हात आडवा केला.

“थांब बाबा,” ती म्हणाली. “आम्हाला जादा वेळ मिळतो.”